स्वीडिश शिका, घरातूनच आणि मोठ्यानं

कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय असो की सांगलीचं वालचंद, शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींत परदेशाचा विषय निघाला की जर्मनीच्या पाठोपाठ हल्ली स्वीडनचं नाव येतं. गोथेनबर्गला व्होल्वो आहे, एसकेएफ आहे, स्टॉकहोमला एरिक्सन आहे. तिथल्या विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षण इंग्रजीतून घेता येतं. मग कुणीतरी विचारतं, "तिथली भाषा शिकावी लागते का?" आणि आधी जाऊन आलेला कुणीतरी सांगतो, "छे, तिथं सगळ्यांना इंग्रजी येतं."

हे उत्तर खोटं नाही. पण त्याच्यावर विसंबून गेलेल्यांचं नुकसान होतं, आणि ते नुकसान जाणाऱ्याच्या लक्षात यायला दोन-तीन वर्षं लागतात. म्हणून सातारा आणि सांगली जिल्ह्यातल्या तरुणांना, त्यांच्या आईवडिलांना, आणि विशेषतः लग्न होऊन नवऱ्याबरोबर तिकडं जाणाऱ्या मुलींना माझं सांगणं आहे: स्वीडनला जायचं ठरत असेल तर जाण्याआधी वर्षभर स्वीडिश शिका. त्यासाठी पुण्या-मुंबईला खोली घेऊन राहायची गरज नाही. कोरेगावात, पलूसला किंवा जतला बसून, मोबाइलवर, जवळजवळ फुकट शिकता येते.

आधी इंग्रजीचं बघू. दुकानात, बँकेत, विमानतळावर, विद्यापीठाच्या वर्गात इंग्रजी चालतं. सॉफ्टवेअर कंपनीची मुलाखत इंग्रजीत होते. कामाच्या परवान्यासाठी स्वीडिश यावी अशी अट नाही. इथवर सगळं सुरळीत. पुढची गंमत ऑफिसच्या कॉफीच्या वेळेला कळते. स्वीडनमध्ये कामाच्या मधोमध सगळे एकत्र बसून कॉफी पितात, तिला 'फीका' म्हणतात. बैठकीत तुमच्याशी इंग्रजी बोलणारे सहकारी तिथं आपसूक स्वीडिशवर येतात. त्यात वाईट हेतू नसतो, थकलेला माणूस आपल्या भाषेत बोलतो इतकंच. पण कोण नोकरी सोडतोय, कुठल्या विभागात जागा निघणार आहे, नवा साहेब कसा आहे, हे सगळं त्याच पंधरा मिनिटांत बोललं जातं. ज्याला ते कळत नाही तो कामात कितीही चोख असला तरी बाहेरचा राहतो.

पहिली नोकरी सुटली तर अडचण आणखी वाढते. मोठ्या कंपन्या इंग्रजीवर चालतात. मध्यम आणि लहान कारखाने, नगरपालिका, दवाखाने, शाळा हे सगळं स्वीडिशवर चालतं. परवाना नोकरीला बांधलेला असतो, त्यामुळे दुसरी नोकरी शोधायला हातात थोडेच महिने असतात. त्या वेळी ज्याला स्वीडिश येते त्याच्यासमोर शंभर दारं असतील, तर ज्याला येत नाही त्याच्यासमोर फार थोडी.

सगळ्यात जास्त हाल होतात ते बरोबर गेलेल्या बायकांचे. स्वीडनचा नियम चांगला आहे: नोकरीच्या परवान्यावर गेलेल्याच्या जोडीदारालाही सहसा काम करण्याचा हक्क मिळतो. पण हक्क असणं वेगळं आणि काम मिळणं वेगळं. बी.ई. झालेली, बी.एड. झालेली, फार्मसी केलेली मुलगी तिकडं पोहोचते. नोव्हेंबरात दुपारी साडेतीनलाच अंधारतं, नवरा ऑफिसात, शेजारी दार लावून आत. इथं साताऱ्यात जिची नोकरी चालू होती तिला तिथं भाषेअभावी घरात बसावं लागतं. मुलीचं लग्न ठरवताना आपण मुलाचा पगार विचारतो, घर स्वतःचं आहे का विचारतो. साखरपुडा आणि लग्न यांच्यात सहा महिने असतील तर त्या सहा महिन्यांत मुलीनं रोज तासभर स्वीडिश करावी, आणि मुलाकडच्यांनी ते स्वतःहून सुचवावं. दागिन्यांच्या खरेदीपेक्षा ही तयारी तिला जास्त उपयोगी पडेल.

परकी भाषा हे आपल्यासारख्यांचं काम नाही, असं अनेक घरांत मानलं जातं. ते मला अजिबात पटत नाही, कारण या दोन जिल्ह्यांचा इतिहासच उलटा आहे. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि पलीकडे माण-खटाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरलेली आहेत. तमिळनाडू, केरळ, आंध्र, बंगाल, पंजाब, जिथं सराफ पेठ तिथं आपला गलाईवाला. दहावीनंतर मामाच्या नाहीतर चुलत्याच्या दुकानात गेलेलं पोरगं वर्षा-दीड वर्षात तमिळ किंवा मल्याळम बोलायला लागतं. त्याला पुस्तक नसतं, वर्ग नसतो. समोरच्या सराफाशी बोलल्याशिवाय धंदा होत नाही म्हणून ते बोलतं, चुकतं, लोक हसतात, दुसऱ्या दिवशी तेच वाक्य नीट बोलतं. जत तालुक्यात तर बाजाराच्या दिवशी मराठी आणि कन्नड एकाच तोंडातून येतात. जीभ वळवायची सवय आपल्या मातीत आहे.

बाहेरून इथं येऊन मराठी शिकलेल्यांचीही उदाहरणं याच दोन जिल्ह्यांत आहेत. डॉ. गेल ऑम्वेट अमेरिकेतल्या मिनिआपोलिसच्या. महात्मा फुल्यांच्या परंपरेतल्या चळवळीवर संशोधन करायला महाराष्ट्रात आल्या, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावला स्थायिक झाल्या, भारताच्या नागरिक झाल्या, आणि 2021 मध्ये कासेगावलाच त्यांचं निधन झालं. साताऱ्यातल्या फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन आल्या. फलटणच्या बोलीचा त्यांनी अभ्यास केला, तिथंच राहिल्या, कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी केली आणि जाई निंबकरांबरोबर परदेशी माणसांना मराठी शिकवणारी पुस्तकं लिहिली. या दोघींनी मराठी शिकायला सुरुवात केली तेव्हा इंटरनेट नव्हतं. लोकांत मिसळणं, ऐकणं आणि न लाजता बोलणं यावरच त्यांना भर द्यावा लागला. आज आपल्या खिशात जे साधन आहे ते त्यांना मिळालं असतं तर त्यांनी त्याचं काय केलं असतं, याचा विचार करावा.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण आवाहन करणाऱ्यानं तोटाही सांगितला पाहिजे. स्वीडिश ही सगळ्यांसाठी नाही. ती बोलणारे जगात एक कोटीच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राच्या लोकसंख्येच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. स्वीडनबाहेर फिनलंडमध्ये तिला राजभाषेचा दर्जा आहे, आणि नॉर्वे-डेन्मार्कच्या माणसांना ती बरीचशी समजते. ज्याचं फक्त 'युरोपला कुठंतरी जाऊ' एवढंच ठरलंय, त्यानं जर्मन शिकावी. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी 2024 मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुणांना जर्मन शिकवून पाठवण्याची योजना होती. जर्मन शिकवणारे आपल्याकडं मिळतात, परीक्षा पुण्यात देता येते. आयटीआय झालेल्या मुलाला, नर्सिंग केलेल्या मुलीला तो रस्ता जवळचा आहे.

नर्सिंगबद्दल वेगळं बोललं पाहिजे. मिरज हे दवाखान्यांचं गाव. वॉनलेस रुग्णालय 1894 मध्ये तिथं सुरू झालं आणि नर्सिंगचं शिक्षण घेणाऱ्या मुली आजही आसपासच्या गावांतून मिरज-सांगलीला येतात. त्यांना कुणी सांगत असेल की स्वीडनमध्ये नर्सची टंचाई आहे, सहा महिन्यांत पाठवतो, तर सावध व्हा. टंचाई खरी आहे. पण युरोपीय संघाबाहेर शिकलेल्या नर्सला तिथल्या आरोग्य मंडळाकडून परवाना मिळवावा लागतो. त्यासाठी आधी शिक्षणाची छाननी, मग ज्ञानाची परीक्षा, शिवाय स्वीडिश भाषा सी वन पातळीची. सी वन म्हणजे जवळजवळ तिथल्या शिकलेल्या माणसाइतकी. डॉक्टरांनाही हीच पातळी. ही काही महिन्यांची गोष्ट नाही, काही वर्षांची आहे. ज्या मुलीची तेवढी तयारी असेल तिनं जरूर करावी. जिला लवकर कमावतं व्हायचंय तिला या स्वप्नात अडकवू नका.

एजंटांचंही तसंच. नोव्हेंबर 2023 पर्यंत स्वीडनच्या कामाच्या परवान्यासाठी महिना 13,000 क्रोना पगार पुरत होता. त्या महिन्यात ती मर्यादा एकदम 27,360 क्रोनांवर नेली आणि नंतरही ती वाढवत नेली आहे. त्यामुळे हॉटेलात भांडी घासायला किंवा गोदामात माल उचलायला इथून माणूस नेणं आता सहजासहजी बसत नाही. असली नोकरी लावून देतो म्हणून कुणी जमीन गहाण टाकायला लावत असेल, तर त्याची नोंदणी भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे का ते बघा. नसेल तर त्याला एक रुपयाही देऊ नका. आणि भाषेच्या नावाखाली पन्नास-साठ हजारांचा 'व्हिसा हमी' वर्ग कुणी विकत असेल तर लक्षात ठेवा, भाषा शिकल्यानं व्हिसा मिळत नाही आणि भाषेचं शिक्षण फुकट उपलब्ध आहे.

मग कुणी शिकावं? ज्यांना स्वीडनच्या विद्यापीठात प्रवेश मिळालाय किंवा ज्यांनी अर्ज केलाय त्यांनी. हे अर्ज सहसा जानेवारीच्या मध्यापर्यंत करायचे असतात आणि वर्ग ऑगस्टअखेर सुरू होतात, म्हणजे मधले सात महिने हातात असतात. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना तिथं 2011 पासून फी भरावी लागते, ती लाखांत जाते. एवढा खर्च करून शिकल्यावर नोकरी मिळवायची तर भाषा लागणारच. पुणे परिसरात आणि आपल्याकडं स्वीडिश कंपन्यांत काम करणाऱ्यांनी शिकावं: सँडविक, अॅटलास कॉप्को, एसकेएफ, आणि अल्फा लावल, जिचा कारखाना साताऱ्यातही आहे. अल्फा लावलची सुरुवात 1883 मध्ये स्टॉकहोमला दुधातून साय वेगळी करणाऱ्या यंत्रापासून झाली. सेपरेटर म्हणून ते यंत्र आपल्या दूध संघांना चांगलं ओळखीचं आहे. या कारखान्यांत काम इंग्रजी-मराठीत चालतं, स्वीडिशची सक्ती नाही. पण प्रशिक्षणाला किंवा प्रकल्पावर तिकडं जायची वेळ येते तेव्हा ज्याला चार वाक्यं बोलता येतात त्याची ओळख लवकर होते. आणि जोडीदाराबरोबर जाणाऱ्यांनी शिकावं, हे तर आधीच सांगितलं.

आता शिकायचं कसं. स्वेन्स्का इन्स्टिट्यूटेट ही स्वीडनची सरकारी संस्था 'लर्निंग स्वीडिश' हा ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत देते. तो इंग्रजीतून समजावून सांगतो आणि अगदी पहिल्या अक्षरापासून सुरू होतो. कणा म्हणून तोच धरावा. डुओलिंगो वापरा, पण मुख्य जेवण म्हणून नाही. सलग दिवसांचा आकडा वाढतो, मन खूश होतं, आणि तोंड मात्र बंदच राहतं. स्वीडिश रेडिओ सोप्या स्वीडिशमध्ये बातम्या देतो, 'पो लेत् स्वेन्स्का' असं शोधलं की त्या फुकट ऐकता येतात. '8 सीदुर' हे सोप्या भाषेतलं वर्तमानपत्र 1984 पासून निघतं, तेही नेटवर वाचता येतं. शब्दाचा अर्थ, लिंग, अनेकवचन पाहायला स्वीडिश अकादमीचे कोश एकाच संकेतस्थळावर मोफत आहेत. पुस्तक हवंच असेल तर 'रिव्हस्टार्ट' ही वर्गांत चालणारी मालिका आहे, ती महाग पडते. चौघांनी मिळून घ्या.

वेळेचा अंदाज घ्या. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या भाषाशाळेत इंग्रजी मातृभाषा असलेल्या अधिकाऱ्यांना स्वीडिश शिकायला पूर्णवेळ 24 आठवडे देतात, म्हणजे वर्गातले साधारण सहाशे तास. आपण रोज एक तास दिला तर वर्षात साडेतीनशेच्या वर तास होतात. तेवढ्यात ए टू पातळी पक्की होते आणि बी वनच्या जवळ जाता येतं. म्हणजे दुकान, दवाखाना, घरमालक, शेजारी आणि कॉफीच्या वेळच्या अर्ध्या गप्पा. रविवारी पाच तास बसून बाकी आठवडा सुट्टी, असं करू नका. भाषेला रोज थोडं लागतं.

आणि मोठ्यानं बोला. हे मी पुन्हापुन्हा सांगतोय, कारण ऑनलाइन शिकणाऱ्यांचं सगळ्यात जास्त इथंच बिघडतं. घरात आजी-आजोबा, भाऊ, भावजय असतात. परकी भाषा मोठ्यानं बोलायची लाज वाटते, म्हणून मुलं कानात बोंडकं घालून अंगठ्यानं उत्तरं दाबत राहतात. सहा महिन्यांनी वाचता येतं, ऐकलेलं थोडं कळतं, पण कुणी 'काय कसं काय' विचारलं की गळ्यातून आवाज निघत नाही. गच्चीवर जा, मळ्यात जा, मोटरसायकलवरून जाताना हेल्मेटच्या आत बोला. ऐकलेलं प्रत्येक वाक्य थांबवून तीनदा म्हणा. आठवड्यातून एकदा स्वतःचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि मूळ आवाजाशेजारी ठेवून ऐका. घरच्यांनीही हसू नये, एवढी त्यांना विनंती.

उच्चाराचं काम पहिल्या दोन महिन्यांतच करायचं. स्वीडिशमध्ये 29 अक्षरं आहेत, इंग्रजीची सव्वीस आणि शेवटी डोक्यावर वलय किंवा टिंबं असलेली आणखी तीन. त्यातले नऊ स्वर आणि प्रत्येकाचं दीर्घ आणि ऱ्हस्व रूप. आपल्या बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घ सैल असतं, तिथं ते चालत नाही. 'ग्लास' लांबवून म्हटलं तर पाण्याचा पेला येतो, आखूड करून 'स' वर जोर दिला तर आइस्क्रीम येतं. काही व्यंजनं पुढच्या स्वराप्रमाणे मऊ होतात. आपण ज्या शहराला गोथेनबर्ग म्हणतो त्याला तिथली माणसं साधारण 'यॉतेबॉरी' म्हणतात. सात या आकड्यात येणारा फुंकरीसारखा एक आवाज आहे, तो आपल्याकडं नाही. तो आरशासमोरच जमवावा लागतो, आणि नर्ससाठी जो स्वीडिश शब्द आहे त्यात तो दोनदा येतो. शिवाय वाक्याला एक गाण्यासारखा चढउतार असतो. म्हणून एक गोष्ट करू नका: स्वीडिश शब्द वहीत देवनागरीत लिहून पाठ करू नका. या लेखात मी लिहिलेत ते वाचकाच्या सोयीसाठी. तिथले निम्मे स्वर देवनागरीत बसत नाहीत, आणि एकदा चुकीचं लिहून पाठ झालं की जीभ तेच धरून बसते. मोबाइलच्या कळफलकावर स्वीडिश चालू करा आणि त्यांच्याच अक्षरांत लिहा.

व्याकरणाची मात्र मराठी माणसानं भीती बाळगू नये. लहानपणापासून आपण तो दगड, ती भिंत, ते झाड म्हणत आलोय. कुठली वस्तू कुठल्या लिंगाची याला नियम नसतो, ते शब्दाबरोबरच लक्षात ठेवायचं असतं, हे इंग्रज माणसाला कळायला वेळ लागतो. आपल्याला ते अंगवळणी आहे. स्वीडिशमध्ये असे दोनच गट आहेत, 'एन' आणि 'एत्'. प्रत्येक नाम त्याच्या गटासह पाठ करा, नुसतं कधीच नाही. मराठीत 'ला', 'त', 'नं' शब्दाच्या शेवटी चिकटतात. स्वीडिशमध्ये 'ते विशिष्ट पुस्तक' असं दाखवायचं असेल तर तसाच शेपटा शब्दाला लागतो. क्रियापद तर फारच सोपं: मी, तू, ती, आम्ही, सगळ्यांना एकच रूप. 'बोलतो, बोलते, बोलतात' सांभाळणाऱ्याला यात कष्ट नाहीत. आकडेही सरळ आहेत, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी असला घोळ नाही. अवघड जातं ते वाक्यातल्या क्रियापदाच्या जागेचं. मराठीत क्रियापद शेवटी येतं. स्वीडिशच्या साध्या विधानात ते दुसऱ्या जागेवर येतं, पहिल्या जागी काहीही असो. 'आज मी कामाला जातो' हे 'आज जातो मी कामाला' असं होतं. ही एक गोष्ट रोज दहा वाक्यं बनवून घटवा. महिन्याभरात बसते.

वागण्यातलंही एक शिकून घ्या. आपली मुलं साहेबाला 'सर' म्हणाल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. स्वीडनमध्येही एकेकाळी माणसाला त्याच्या हुद्द्यानं हाक मारायची रीत होती. 1967 मध्ये ब्रूर रेक्सेद यांनी तिथल्या वैद्यकीय मंडळाची सूत्रं घेताना, आपण सगळ्यांना नावानं आणि 'दू' म्हणून बोलणार असं जाहीर केलं. ती लाट तेव्हा उठतच होती, पुढं सगळ्या देशानं ती उचलली. 'दू' म्हणजे आपला 'तू'. कंपनीच्या प्रमुखाला, प्राध्यापकाला, डॉक्टरला, सगळ्यांना 'दू'. पहिल्या दिवसापासून सरावात तोच वापरा, म्हणजे तिथं गेल्यावर जीभ अडखळणार नाही.

एकट्यानं शिकू नका. जोडी करा. तुमच्याच गावात दुसरं कुणी सापडणार नाही कदाचित, पण दोन जिल्ह्यांत नक्की सापडेल. वाईच्या मुलीनं तासगावच्या मुलीशी रोज पंधरा मिनिटं फोनवर स्वीडिशमध्येच बोलायचं ठरवलं तर दोघींचं काम होईल. आज काय खाल्लं, एसटी किती वाजता आली, पाऊस पडला का. एवढंच, पण रोज. थोडी भाषा आली की महिन्यातून दोन-चार तास पैसे देऊन मूळ स्वीडिश माणसाशी व्हिडिओवर बोला. त्याला सांगा, माझ्या चुका थांबवून दुरुस्त कर. खर्च करायचा असेल तर तो इथं करावा, अभ्यासक्रम विकत घेण्यात नाही. परीक्षा हवी असेल तर स्वेदेक्स नावाची परीक्षा ए टू, बी वन आणि बी टू पातळीवर घेतली जाते. स्वीडिश माध्यमातल्या पदवीसाठी टिसुस ही वेगळी परीक्षा असते. बहुतेकांना सुरुवातीला कुठल्याच परीक्षेची गरज नसते. प्रमाणपत्रामागे धावून बोलणं मागं पडू देऊ नका.

तिकडं पोहोचल्यावरही थांबू नका. ज्याला वर्षभर किंवा जास्त राहायचा परवाना आहे आणि ज्याची लोकसंख्या नोंदवहीत नोंद झाली आहे, त्याला नगरपालिका स्वीडिश मोफत शिकवते. त्या वर्गांना 'एस एफ आय' म्हणतात, ए ते डी अशा पायऱ्या असतात. इथून तयारी करून गेलेला माणूस खालच्या पायऱ्या सोडून थेट वर बसतो, त्याचे महिने वाचतात. नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग असतात. नाव घालायला आळस करू नका. पहिलं वर्ष गेलं की ते पुढं ढकलणं फार सोपं होतं.

आणि मुलांची मराठी सोडू नका. ही माझी कळकळीची विनंती आहे. बालवाडीत घातलेली मुलं थोड्याच महिन्यांत आईबापांपेक्षा चांगली स्वीडिश बोलतात. त्यांना घरीही स्वीडिश बोलायला लावायची गरज नाही. उलट स्वीडनच्या शाळा घरच्या भाषेचे तास देतात. एका नगरपालिकेत त्या भाषेची किमान पाच मुलं असतील आणि शिक्षक मिळत असेल तर हा तास मागता येतो. मराठी घरांनी एकत्र येऊन तो मागावा. आईबापांनी स्वीडिश शिकावी आणि मुलांनी मराठी टिकवावी, दोन्ही एकाच घरात होऊ शकतं.

शेवटी स्वीडनमध्ये असलेल्या सातारकरांना आणि सांगलीकरांना एक मागणं. हिवाळ्यात तुमच्याकडं दुपारचे चार वाजतात तेव्हा इथं रात्रीचे साडेआठ झालेले असतात. जेवणं होत आलेली, मुलं मोकळी. शनिवारी किंवा रविवारी अर्धा तास काढा, गावाकडच्या एका मुलाला किंवा मुलीला फोन लावा आणि त्या अर्ध्या तासात मराठीचा एकही शब्द बोलू नका. कॉलेजांनी आणि तालुक्याच्या वाचनालयांनी अशा दोन टोकांची गाठ घालून द्यावी. त्यासाठी पैसे लागत नाहीत, एक नोंदवही आणि एक जबाबदार माणूस लागतो. ज्या वाचनालयाला हे करता येईल त्यानं या महिन्यातच करावं. जानेवारीत अर्ज भरलेली मुलं ऑगस्टमध्ये निघतात.